नोंद करणाऱ्याची सही

सोफ्याला पिवळी चिठ्ठी लागली, तेव्हा मात्र लेकीने तोंड उघडलं.

"बाबा, आता बसायचं कशावर?"

"खुर्चीवर."

"खुर्च्या परवाच गॅलरीत गेल्या."

"मग लोखंडी स्टूल आहे. लोखंडावर अजून संशय नाही," असं म्हणत बाबांनी सोफ्याच्या हाताला सुतळीची गाठ मारली, चिठ्ठीवर तारीख घातली आणि खाली सही केली.

बाबा झाकणांच्या कारखान्यात तपासनीस होते. औषधाच्या बाटल्यांची, लहान मुलांना उघडता येऊ नयेत म्हणून दाबून फिरवावी लागणारी झाकणं तिथे दिवसाला लाखभर तयार होत, आणि त्यांतलं एकही गळत नाही ना हे बघण्यात तपासनिसांची बावीस वर्षं गेली होती. कारखान्यातली पद्धत सरळ होती. मालाचा संशय आला की पिवळी चिठ्ठी बांधून तो बाजूला काढायचा. दोष सापडला की लाल चिठ्ठी, निर्दोष ठरला की हिरवी. हाताखालच्या माणसांनी त्यांचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं होतं. तपासनिसांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

तपासणी विभागाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली एक पाटी होती: 'रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे.' ही पाटी लागली त्याचीही एक हकिकत होती. एका कामगाराने गळतीच्या रकान्यात काहीच लिहिलं नव्हतं. "गळती नव्हतीच साहेब, म्हणून मोकळा सोडला," असं तो बिचारा म्हणाला. तपासनिसांनी त्याला समोर बसवलं. "गळती नसेल तर शून्य लिहायचं. मोकळा सोडलास याचा अर्थ तू बघितलंच नाहीस." त्या एका रकान्यापायी वीस हजार झाकणं दिवसभर अडकून पडली. तेव्हापासून कारखान्यात रिकामा रकाना सोडायची कुणाची छाती नव्हती.

आता एवढ्या काटेकोर माणसाच्या घरी आजार यावा तोही असा, की ज्याला ना वेळ, ना काळ, ना कारण!

आजार बायकोला होता. ती वाचनालयात ग्रंथपाल होती. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी भाजी निवडता निवडता तिचा चेहरा लालभडक झाला, मानेवर गांधी उठल्या, पोटात कळ आली आणि छाती धडधडायला लागली. अर्ध्या तासाने सगळं जिथल्या तिथे. सगळे म्हणाले, पित्त उठलं. मग ते पित्त आठवड्यातून दोनदा उठायला लागलं, कधी कपडे वाळत घालताना, कधी हसताना, कधी नुसतं खिडकीशी उभं असताना. चार दवाखाने पालथे घातल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं. मास्ट पेशींचा विकार.

"या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चोर आला की शिट्टी मारायची हे त्यांचं काम. यांचे पहारेकरी जरा हळवे आहेत. ऊन लागलं की शिट्टी, घासलं गेलं की शिट्टी, दमल्या की शिट्टी, चिडल्या की शिट्टी. आणि कधी कधी काहीच नसताना शिट्टी."

"काहीच नसताना म्हणजे?" तपासनिसांनी विचारलं.

"म्हणजे काहीच नसताना."

"पण कारण तर असेलच ना?"

"असेलही. पण प्रत्येक वेळी सापडेलच असं नाही. जे नक्की बाधतं ते टाळा, गोळ्या वेळेवर घ्या, मोठा झटका आला तर मांडीत टोचायचं इंजेक्शन कायम पर्समध्ये ठेवा. आणि जमलं तर नोंद ठेवा."

नक्की बाधणाऱ्या गोष्टी दोनच होत्या. कडकडीत गरम पाणी आणि डोकेदुखीची एक गोळी. त्या दोन्ही बायकोने केव्हाच सोडल्या होत्या. बाकीच्याची तिने मनाशी समजूत घातली आणि कामाला लागली. तपासनिसांनी मात्र डॉक्टरीणबाईंच्या सगळ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं, आणि त्यातलंही 'जमलं तर' गाळलं.

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर एक जाडजूड वही लटकली. पेन सुतळीने बांधलेलं. रकाने आखून, छापून आणलेले: तारीख, वेळ, ठिकाण, काय खाल्लं, हवा, लक्षणं, मनःस्थिती, आसपासच्या वस्तू, कारण आणि शेवटी नोंद करणाऱ्याची सही. ठिकाणाच्या रकान्यात 'स्वयंपाकघर, बैठकीची खोली, निजायची खोली, गॅलरी' असे चार पर्याय छापलेले होते. त्यांतल्या एकावर गोल करायचा. कारणाचा रकाना रिकामा सोडणं शक्यच नव्हतं, म्हणून तपासनीस तिथे दर वेळी 'शोध चालू' असं लिहीत.

झटका आला की तपासनीस दोन गोष्टी करत. आधी गोळ्यांच्या बाटलीचं झाकण उघडत. हे झाकण त्यांच्याच कारखान्याचं होतं आणि त्यांनीच पास केलेलं होतं. बायकोचे हात थरथरत असले की ते काही केल्या तिच्याने उघडत नसे. तपासनीस ते एका झटक्यात उघडत आणि गोळी तिच्या हातावर ठेवत. मग वही काढत.

"मनःस्थिती काय लिहू?"

"तुम्ही विचारेपर्यंत बरी होती."

"म्हणजे 'बरी' लिहू की 'बिघडलेली'?"

"अहो, मला खाज सुटलीय!"

"ते वेगळ्या रकान्यात आहे."

नोंदी वाढल्या तसा तपासनिसांनी कारखान्याचा खाक्या घरी आणला. एका वेळी एकच वस्तू काढायची आणि बघायचं. आधी साबण गेला. मग उदबत्त्या, मग उशा, पडदे, सतरंजी. गजराने दचकून शिट्टी वाजत असेल म्हणून गजराचं घड्याळ गेलं, त्यामुळे लेकीला दोनदा शाळेला उशीर झाला. कुंड्या गेल्या. दूरदर्शन संच गेला, कारण दोन झटके बातम्या चालू असताना आले होते. गेलेली प्रत्येक वस्तू पिवळी चिठ्ठी लावून गॅलरीत उभी राहायची, आणि गॅलरी भरल्यावर जिन्यात. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा येऊन विचारलंसुद्धा, "घर बदलताय का?"

"नाही. हे कारण शोधताहेत," बायको म्हणाली.

झटके मात्र आपले येतच होते. सोफा गेला तरी आले. एके दिवशी लेकीने चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली एक पिवळी चिठ्ठी ओढली आणि सरळ वहीलाच बांधली.

"हे काय?" तपासनीस म्हणाले.

"वहीपण दर वेळी तिथेच असते ना, बाबा."

"वही काय अंगावर गांधी आणते होय? चेष्टा पुरे," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी सोडली. पण वाया जाऊ नये म्हणून ती त्यांनी खिशात ठेवली.

सदतिसावा झटका रविवारी दुपारी आला. बैठकीच्या खोलीत तेव्हा फक्त एक गादी आणि लोखंडी स्टूल उरलं होतं. गादीवर बायको बसली होती आणि समोर पाण्याचा पेला. भिंती मोकळ्या, खिडकी उघडी, हवा छान. ती कुणावर चिडलेली नव्हती, दमलेली नव्हती, हसलेलीही नव्हती. तरी चेहरा बघता बघता लाल झाला. तपासनिसांनी झाकण उघडलं, गोळी दिली आणि ती बरी झाल्यावर वही घेऊन लोखंडी स्टुलावर बसले.

पाच महिन्यांच्या सदतीस ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या. सदतीसही वेळा होती अशी वस्तू कोणती? साबण एकवीस वेळा होता, पुढे नव्हता. सोफा चौतीस वेळा. गादी बारा. एकेक रकाना खोडत ते पानाच्या उजव्या टोकाला आले आणि थांबले. चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

शेवटच्या रकान्यात सदतीस ओळींत सदतीस वेळा एकच गोष्ट होती. त्यांची सही.

बावीस वर्षांत त्यांनी कितीतरी माल बाजूला काढला होता, आणि त्याचं वाईट वाटायचं कधी कारण पडलं नव्हतं. आज पडलं. सदतीस वेळा मी तिथे होतो. मी घरी आहे म्हणून ही आजारी पडते. लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि आपण हिला मुळातच सोसत नाही आहोत, हे आपल्याला आपल्याच अक्षरात कळावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मग त्यांनी खिशातली पिवळी चिठ्ठी काढली आणि शर्टाच्या दुसऱ्या बटणाला बांधली.

"हे काय आता?" बायको म्हणाली.

"मी आठ दिवस ताईकडे राहतो. चाचणी म्हणून."

"तुमच्यामुळे होतंय असं वाटतंय तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. वही सांगते."

बायकोने मोकळ्या खोलीकडे बघितलं, जिन्यातल्या सोफ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "आठ दिवस ना? जा."

ती हे जरा जास्तच पटकन म्हणाली, असं तपासनिसांना वाटलं. पण मनःस्थितीचा रकाना फक्त बायकोसाठी होता, म्हणून ते त्यांनी कुठे लिहिलं नाही.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहायची. भावाच्या हातातली बॅग आणि छातीवरची चिठ्ठी बघून तिने दार अर्धंच उघडलं.

"भांडलात?"

"नाही. मी तिला बाधतो की नाही ते बघायचंय."

"त्याला आठ दिवस कशाला लागतात? मला विचार. लहानपणी तू झोपेत दात खायचास, त्याने मला पित्त उठायचं."

"ताई, थट्टा नाही ही."

"मी कुठे थट्टा करतेय? पाय पूस आणि ये आत."

निघताना तपासनिसांनी नियम घालून दिले होते. भेटायचं नाही. फोन करायचा नाही, कारण आवाजाचाही संशय होता. वही खिळ्यावरच राहील, आणि लेकीने रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या पानाचा फोटो पाठवायचा. लेक मुकाट्याने फोटो पाठवायची. पहिल्या दिवशीचं पान कोरं. दुसऱ्या दिवशीचं कोरं. तिसऱ्या दिवशी तपासनिसांनी फोटो मोठा करून कोपरान् कोपरा बघितला. कोरा.

"बरंय की मग," ताई म्हणाली. "बायको बरी आहे."

"हो. बरी आहे," तपासनीस म्हणाले, आणि त्यांनी ताट बाजूला सारलं.

कुणाची बायको बरी असल्यावर माणूस इतका खंगत असेल असं ताईने कधी बघितलं नव्हतं. सहाव्या दिवशी तर त्यांनी तिच्या घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं घट्ट करून ठेवली. त्या दिवशी ताईला साखर मिळाली नाही.

सातव्या दिवसाचंही पान कोरं आलं, आणि आठव्या दिवशी सकाळी तपासनीस कारखान्यातल्या आस्थापना विभागात गेले. कंपनीचा दुसरा कारखाना बसने सात तासांवर होता. तिथली बदली त्यांनी आजवर दोनदा, घर सोडवत नाही म्हणून, नाकारली होती. आता त्यांनी आपण होऊन अर्ज मागितला. नाव, हुद्दा, सेवेची वर्षं, सगळं वळणदार अक्षरात भरलं. 'बदलीचे कारण' या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. काय लिहिणार? बायकोला मी सोसत नाही? त्यांनी तीन वेळा पेन टेकवलं आणि तीन वेळा उचललं. शेवटी अर्ज तसाच टेबलावर ठेवून ते निघून गेले.

लिपिकबाईंनी अर्ज उचलला आणि त्यांचे डोळे विस्फारले. याच माणसाने त्यांच्याकडून हजेरीपत्रक अकरा वेळा लिहून घेतलं होतं, एकेका मोकळ्या रकान्यासाठी. अशी संधी आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. अर्ज परत करायचा तर तपासनीस जागेवर नव्हते, म्हणून बाईंनी नोंदवहीतला दुसरा नंबर फिरवला. तो लागला वाचनालयात.

"नमस्कार. साहेबांच्या बदलीच्या अर्जात एक रकाना रिकामा राहिलाय. कारणाचा. काय लिहू?"

"कसली बदली?" बायको कुजबुजली, कारण समोरच 'शांतता राखा' अशी पाटी होती.

"तिकडच्या कारखान्यात. कायमची. तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

"कायमची?" बायको जोरात ओरडली. वाचनालयात सगळ्यांनी वर बघितलं.

फोन ठेवेपर्यंत तिचा चेहरा लाल झाला होता. पण वाचनालयात याचं कुणाला नवल नव्हतं. रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे निवृत्त मास्तर उठले, त्यांनी खुर्ची पुढे केली आणि मासिकाच्या जुन्या अंकाने वारा घालायला लागले. बायकोने पर्समधून बाटली काढून त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी झाकण हाताने फिरवून बघितलं, मग दातात धरलं.

"कुठल्या गाढवाने बनवलीयत ही झाकणं!" मास्तर दातांमधून म्हणाले.

"बनवली कुणी माहीत नाही. पास आमच्याकडे झालीत," बायको म्हणाली.

अर्धा तास ती घड्याळाकडे बघत बसली. छातीतली धडधड थांबली, लाली उतरली, तशी ती उठली. घरी जाऊन तिने खिळ्यावरची वही काढली, चिठ्ठ्यांच्या खणात हात घातला, आणि थेट ताईचं घर गाठलं.

दार तपासनिसांनीच उघडलं. बायकोला बघून ते दोन पावलं मागे सरले. "अगं, लांब उभी राहा. चाचणी अजून संपली नाही."

"चाचणी गेली खड्ड्यात. सात तासांवर निघालात आणि मला दुसऱ्या कुणाकडून कळतं?"

"तुझ्यासाठीच चाललोय," तपासनीस म्हणाले. "आठ दिवस एकही झटका नाही. मी नसलो की तू ठणठणीत असतेस. मग मी जवळ राहून काय करू?"

"एकही झटका नाही असं कुणी सांगितलं?"

"वहीने. पानं कोरी आहेत."

बायकोने वही त्यांच्या हातात ठेवली. "तुमच्या कारखान्याच्या भिंतीवर कसली पाटी आहे?"

तपासनीस वहीच्या पेनाची सुतळी बोटाला गुंडाळायला लागले.

"म्हणा की."

"रिकामा रकाना म्हणजे..." ते म्हणाले.

"शून्य नव्हे," ताईने आतून पूर्ण केलं. गेले आठ दिवस तिला जेवताना दुसरं काही ऐकायला मिळालं नव्हतं.

"चार झटके आले आठ दिवसांत," बायको म्हणाली. "मंगळवारी वाचनालयात. गुरुवारी घरी. शनिवारी जिन्यात, सोफा आत ओढताना. आणि चौथा आज, तुमच्या कृपेने. वहीत लिहायचं काम तुमचं असतं. तुम्ही नव्हतात, म्हणून कुणी लिहिलं नाही. एवढंच."

"वाचनालयात? तिथेही येतात?"

"दोन वर्षं येताहेत. तुमच्या वहीत वाचनालय छापलेलंच नाही. गोल कशावर करणार?"

"मग मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही अकरा हजार पुस्तकांना चिठ्ठ्या बांधल्या असत्या."

"लेकीलाही माहीत होतं?"

"होतं. मीच म्हटलं, बोलू नकोस, नाहीतर बाबा धावत येतील आणि उरलेली गादी बाहेर काढतील. तुम्ही फोटो मागितलात, तिने फोटो पाठवला."

तपासनिसांनी वही उघडली. सदतीस ओळी, सदतीस सह्या. आपण तिथे होतो म्हणून झटका आला नव्हता. आपण तिथे होतो म्हणून तो लिहिला गेला होता. पहिल्या वर्षाच्या उमेदवाराने अशी चूक केली असती, तर त्यांनी त्याला दारातून आत घेतलं नसतं.

"चार," ते पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "चार झटके! ताई, ऐकलंस? मी नसताना चार!" त्यांनी बहिणीचे दोन्ही हात धरले आणि तिला खोलीत गरगर फिरवलं.

"अरे, बायकोला झटके आले म्हणून नाचतोस? लाज नाही वाटत?" ताई ओरडली. पण तीही हसत होती.

नाच थांबला, आणि तपासनिसांनी बहिणीचे हात सोडले. "मला खरंच वाटलं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले, "की मी नसलो की तू बरी असतेस."

"तुम्ही नसलात की घर बरं असतं," बायको म्हणाली. "सोफ्यावर बसता येतं. उशीवर डोकं टेकता येतं. मी नसते बरी." तिने पर्समधली बाटली काढून दाखवली. झाकणावर दातांचे ठसे होते. "हे मास्तरांचे. गुरुवारी लेकीने पक्कड लावली. चार वेळा मला वाटलं, आता हे इथे असते तर एका झटक्यात उघडलं असतं."

तपासनिसांनी बाटली हातात घेतली, ठशांवरून अंगठा फिरवला. झाकणाची अशी अवस्था त्यांना एरवी बघवली नसती. बायको पुढे झाली, तिने त्यांच्या शर्टाच्या बटणाची पिवळी चिठ्ठी सोडली आणि तिथे खणातून आणलेली हिरवी बांधली. सुतळीची गाठ तिला नीट आली नाही. ती त्यांनी दुरुस्त केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते आस्थापना विभागात गेले, तेव्हा लिपिकबाई वाटच बघत होत्या.

"अर्ज मागे घ्यायचाय," तपासनीस म्हणाले.

"जरूर, साहेब. मागे घ्यायचाही एक अर्ज असतो." बाईंनी कागद पुढे केला आणि बोट ठेवलं. "इथे कारण. रिकामं चालत नाही."

या वेळी त्यांचं पेन थांबलं नाही. त्यांनी लिहिलं, 'तपासनिसाची चूक', आणि खाली सही केली. लिपिकबाईंनी ते दोनदा वाचलं, आणि साहेबांची पाठ वळताच त्याच्या पाच प्रती काढल्या.

सोफा आणि उशा आधीच आत आलेल्या होत्या. आता पडदे आले, सतरंजी आली, गजराचं घड्याळही आलं. बाटलीची सवय लावायला तपासनिसांनी एक संध्याकाळ बायकोला आणि लेकीला समोर बसवून झाकण दाबून फिरवायची शिकवणी घेतली, आणि दुसरी शिकवणी वाचनालयात जाऊन मास्तरांची घेतली. मास्तरांनी झाकणाबद्दलचं आपलं मत त्यांना तोंडावर ऐकवलं. तपासनिसांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी चहा पिता पिता बायकोचा चेहरा लाल झाला. तपासनिसांनी झाकण उघडलं, गोळी दिली, आणि या वेळी वही न काढता तिच्याशेजारी सोफ्यावर बसले. पण सवय ती सवय. हळूच त्यांची नजर फिरायला लागली. पडद्यावरून कपावर, कपावरून पंख्यावर, पंख्यावरून सतरंजीवर.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. चष्मा."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. बायको हसायला लागली, हसण्याने चेहरा आणखी लाल झाला, आणि मग तेही हसायला लागले. बरं वाटल्यावर ती उठली, खिळ्यावरची वही काढली आणि नोंद तिनेच केली. ठिकाणाच्या चार पर्यायांखाली पेनाने 'वाचनालय' आणि 'जिना' वाढवले. मनःस्थितीपुढे लिहिलं, 'चांगली'. शेवटच्या रकान्यात स्वतःची सही केली. कारणाचा रकाना तिने रिकामा ठेवला.

तपासनिसांनी तो बघितला. त्यांची बोटं एकदा पेनाकडे गेली. मग त्यांनी तो तसाच राहू दिला आणि गार झालेला चहा गरम करायला घेऊन गेले.